व्हिडिओ गेमचे संगीत वेगळे काढून ऐकणारे, जमवणारे येथे कोणी आहे का?

कौलारू (मालवण)

पावसाळ्यापूर्वी पोटमाळ्यावरची ट्रंक उपसताना मला एक जुनी कॅसेट सापडली. तिच्यावर माझ्याच गिचमिड अक्षरात ‘कॉन्ट्रा आणि मारिओ, मे १९९६’ असे लिहिलेले आहे. त्या सुट्टीत मुंबईच्या मामाने टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. कार्ट्रिजवर ‘९९९९९९ खेळ’ असे छापलेले होते आणि आत तेच आठ-दहा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत असत. सुट्टी संपली की मामा तो गेम परत नेणार हे ठाऊक असल्यामुळे मी टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि खेळांचे संगीत भरून घेतले. माझ्या संग्रहाची सुरुवात तीच.

आज माझ्या हार्ड डिस्कवर ३०० च्या आसपास अल्बम आहेत आणि घरात त्यांचा श्रोता मी एकटाच आहे. म्हणून दोन गोष्टी विचारतो. जे संगीत खेळणाऱ्याच्या हालचालींसाठी रचले गेले, ते खेळाविना ऐकले तर ऐकण्यासारखे काही उरते, की आपण केवळ आपले बालपण ऐकत असतो? आणि जमवायचेच झाले तर काय जमवावे: अधिकृत अल्बम, खेळाच्या फायलींतून काढलेले मूळ ध्वनी, की तबकड्या? कॅसेट अजून लावलेली नाही, कारण फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते आहे. त्यावर कोणाकडे उपाय असल्यास तोही सांगावा.

अर्धाचहा (सावंतवाडी)

आमच्या आजीचे उद्गार हे या विषयावरील पहिले समीक्षालेखन मानावे लागेल : “मेल्या, तां पीं पीं आदी बंद कर, देवाक दिवो लावूचो आसा.”

सोलकढीविरोधक (अलिबाग)

आजींशी मी सहमत आहे. पडद्यावर गोळीबार चालू असताना मागे दीड मिनिटाची एकच चाल फिरत राहते, तिचे अल्बम करून कोणी विकत घ्यावेत हे मला अनाकलनीय वाटते. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतामागे निदान एक प्रसंग असतो, त्याला सुरुवात आणि शेवट असतो. येथे तर खेळणारा भिंतीसमोर थांबून चहा प्यायला गेला तरी संगीत बिचारे वाजतच असते. कौलारू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच प्रश्नात दिले आहे. तुम्ही बालपण ऐकत आहात. ते जरूर ऐकावे, परंतु त्याला कलेचा दर्जा देऊ नये.

पायपेटी (कुडाळ)

सोलकढीविरोधक, तुम्ही ज्याला दोष म्हणता तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी भजनाला आणि हंगामात दशावताराला पेटी वाजवतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. राजा रंगात आला तर दहा मिनिटे बोलतो आणि घसा बसला असेल तर दोन मिनिटांत आत जातो. तोपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत सूर धरून ठेवणे हे माझे काम. युद्ध सुरू झाले की पखवाज आणि झांज चढतात, आणि राक्षस पडेपर्यंत आम्हाला थांबता येत नाही. तो कधी पडेल हे त्याने आम्हाला सांगितलेले नसते. नटाने वेळ काढला म्हणून आमचे वादन हलक्या दर्जाचे ठरत नाही. नट कितीही रेंगाळला तरी कंटाळा येणार नाही अशी चाल वाजवणे हीच त्यातली विद्या आहे. गेमच्या संगीताकडे मी याच नजरेने पाहतो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये संगीत म्हणून केवळ चार उतरते सूर होते, परंतु शत्रू कमी होत गेले आणि त्यांचा वेग वाढला की त्या सुरांची लयही चढत असे. आमच्या पखवाजवाल्याला हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आता बालपणाविषयी. ‘टेट्रिस’ची १९८९ च्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरील चाल हिरोकाझू तानाका यांनी बसवली होती, पण मूळ चाल १९ व्या शतकातील ‘कोरोबेइनिकी’ या रशियन गाण्याची आहे. या शब्दाचा अर्थ फेरीवाले. काळी पाचला सा धरून आणि गंधार कोमल ठेवून वाजवून पाहा : प रे ग म ग रे सा, सा ग प म ग रे, ग म प ग सा सा. मी हा खेळ लहानपणी कधीच खेळलो नाही. वयाच्या चाळिशीनंतर भाच्याच्या फोनवर पहिल्यांदा ऐकला. तरीही ती चाल बोटांत बसली, तेव्हा ती केवळ माझ्या बालपणामुळे आवडते असे म्हणण्याची सोय मला नाही.

जनरल डबा (डोंबिवली, मूळ राजापूर)

पायपेटी, काल रात्री बारा वाजता मी ती सरगम म्हणून पाहिली आणि शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारली. पातळी दोनवर गेलो असे समजतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल : संगीत स्वतःजवळ असावे हे मला कोकण रेल्वेने शिकवले. गणपतीला जाताना मी वर्षानुवर्षे ऑनलाइन ऐकत असे आणि प्रत्येक बोगद्यात संगीत तुटत असे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. एवढ्या अंतरात गेममधल्या मोठ्या खलनायकाशी होणारी अख्खी लढाई संपते. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या रात्री सर्व काही फोनमध्ये उतरवून घेतो.

माझी खरी तक्रार अधिकृत अल्बमांबद्दल आहे. त्यांत बहुतेक वेळा चाल दोनदा वाजवतात आणि मग आवाज हळूहळू विरवत नेतात. खेळात ती चाल कधीही विरत नसते. खेळाडू मरतो किंवा जिंकतो, आणि ती तोडली जाते. विरत जाणारा शेवट हा नंतर चिकटवलेला शिष्टाचार आहे आणि मला तो खोटा वाटतो.

निशिगंध (रत्नागिरी)

विरत जाण्याला माझा विरोध नाही, कारण अल्बम कोठेतरी संपवावाच लागतो. तुम्हाला तो इतकाच खुपत असेल तर निन्टेन्डोने ऑक्टोबर २०२४ मध्ये संगीताचे जे ॲप काढले त्यात काही चाली १५, ३० किंवा ६० मिनिटांपर्यंत लांबवण्याची सोय आहे. ज्या खेळाचा शेवट आपल्याला कळू द्यायचा नाही त्याच्या चाली झाकून ठेवण्याची सोयही त्यात आहे, आणि ज्याने कोणी ती सुचवली तो नक्कीच स्वतः खेळणारा असणार.

मला लिहायचे आहे ते नावांविषयी. संग्रह करताना माझा सर्वाधिक वेळ फायलींवर संगीतकारांची खरी नावे घालण्यात जातो. १९८० च्या दशकात जपानी कंपन्या संगीतकारांना टोपणनावांनी झाकत असत. आपला माणूस दुसऱ्या कंपनीने पळवू नये ही त्यामागची एक भीती होती. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’च्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून ‘जेम्स बनाना’ असे नाव झळकते. प्रत्यक्षात ते संगीत किनुयो यामाशिता या तरुणीने रचलेले होते. १९८७ च्या ‘मेगा मॅन’चे संगीत मनामी मात्सुमाए यांचे. आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याच्यासमोर मुलांची रांग लागत असे त्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’च्या बहुतेक चाली योको शिमोमुरा यांच्या. म्हणजे ज्या पार्लरच्या दारात उभे राहण्यास मला घरातून मनाई होती, कारण ती मुलग्यांची जागा, तेथे दिवसभर एका बाईचे संगीत वाजत होते. हे मला तिशीत कळले. त्या दिवसापासून माझ्या संग्रहात संगीतकाराचा रकाना रिकामा ठेवून एकही फाइल जात नाही. मी ज्या ऑनलाइन सेवेवर ऐकते तेथे त्या जागी केवळ कंपनीचे नाव असते.

सोलकढीविरोधक, दर्जाचा प्रश्न तुम्ही काढलात म्हणून सांगते : कोजी कोंडो यांची १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधली चाल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ मध्ये जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतली. ‘सिव्हिलायझेशन ४’साठी क्रिस्टोफर टिन यांनी स्वाहिली भाषेतील प्रार्थनेला दिलेल्या संगीताला २०११ मध्ये ग्रॅमी मिळाले. मला स्वतःला पुरस्कारांनी काही सिद्ध होते असे वाटत नाही, परंतु तुम्हाला वाटत असण्याची शक्यता आहे.

सोलकढीविरोधक (अलिबाग)

शेवटचे वाक्य बोचले, म्हणजे ते योग्य ठिकाणी लागले असावे. पुरस्कारांनी माझे मत बदलत नाही. दशावताराचा दाखला मात्र विचार करण्यासारखा आहे. तरीही एक शंका राहते. दशावताराची रात्र संपल्यावर पायपेटी यांच्या पेटीचे सूर वेगळे काढून कोणी घरी नेऊन ऐकत नाही. मग राजा नाही, राक्षस नाही, आणि नुसताच धरून ठेवलेला सूर ऐकण्यात काय अर्थ आहे?

बंदरवाडी (मूळ गुहागर, सध्या पुणे)

शंका रास्त आहे, आणि कौलारू यांच्या दोन्ही प्रश्नांची गाठ येथेच पडते. मी खेळांच्या ध्वनीचे काम करतो, म्हणून आतील बाजूने सांगतो.

खेळाडूमागून जाणारे संगीत साधारणपणे दोन रीतींनी रचले जाते. एका रीतीत सर्व वाद्ये एकाच वेळी चालू असतात आणि प्रसंगानुसार काहींचा आवाज उघडला किंवा झाकला जातो. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये मारिओ योशी या डायनोसॉरच्या पाठीवर बसला की त्याच चालीत बोंगोचा ताल मिसळतो आणि तो उतरला की नाहीसा होतो. दुसऱ्या रीतीत लहान लहान तुकडे रचून ठेवतात आणि पुढचा तुकडा कोणता हे खेळ ठरवतो. १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मधील मोकळ्या माळरानाचे संगीत असे आहे : शत्रू जवळ आला तर एका जातीचे तुकडे, नुसते उभे राहिलात तर दुसऱ्या जातीचे. मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी लुकासआर्ट्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीसाठी बनवलेली आयम्यूझ ही पद्धत १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये आली, आणि त्यातील वूडटिक गावात एका घरातून दुसऱ्या घरात जाताना चाल कोठेही न तुटता त्या घराचे वाद्य धरते.

आता अशा संगीताचा अल्बम काढताना कोणीतरी बसून ठरवतो की माळरानावर शत्रू केव्हा आला. म्हणजेच अधिकृत अल्बम हा कोणाचा तरी एक खेळून झालेला डाव असतो. तो वाईट नसतो, पण तो एकमेव नसतो. म्हणून माझ्यापुरते मी दोन्ही ठेवतो : ऐकायला अल्बम, आणि अभ्यासाला मूळ फायली. निन्टेन्डोच्या जुन्या फॅमिकॉम यंत्रावरील खेळांसाठी एनएसएफ नावाच्या फायली मिळतात. त्यांत ध्वनी नसतो. चिपला कोणता सूर केव्हा वाजवायचा याची आज्ञावली असते. पायपेटी यांच्या वहीतली स्वरलिपी म्हणा. चिपमध्ये एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांच्या पाच वाटा असत : दोन चौकोनी लहरीच्या, एक त्रिकोणी, एक खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित नमुन्यांची. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संगीतासकट संपूर्ण खेळच ४० किलोबाइटचा होता. माझ्या फोनवर सकाळी आलेले फुलांचे चित्र त्याहून जड असते.

सोलकढीविरोधक, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की वेगळे काढल्यावरच कारागिरी दिसते. खेळताना लक्ष गोळ्या चुकवण्याकडे असते. ‘कॅसलव्हेनिया’च्या तिसऱ्या भागाची जपानमधील १९८९ ची आवृत्ती आणि नंतरची अमेरिकी आवृत्ती एकामागून एक ऐका. जपानी कार्ट्रिजमध्ये व्हीआरसी६ नावाची जादा चिप होती आणि तिने संगीताला आणखी तीन वाटा मिळत होत्या. अमेरिकी यंत्रात ती सोय नसल्यामुळे तेच संगीत पुन्हा मूळच्या पाच वाटांत बसवावे लागले. आठ जणांच्या दिंडीचे पाच जणांत कसे भागवले हे खेळताना कोणाच्या ध्यानात येणार?

कौलारू, तुमच्या कॅसेटबद्दल मात्र मला वेगळीच उत्सुकता आहे. त्या काळचे संगीत चित्रांच्या वेगावर चालत असे. जपान आणि अमेरिकेत सेकंदाला ६० चित्रे, आपल्याकडील पाल पद्धतीच्या टीव्हीवर ५०. पालसाठी बनवलेल्या, तुमच्या मामाच्या गेमसारख्या नकली यंत्रांत तीच आज्ञावली मंद गतीने वाजते; जी चाल तेथे ६० सेकंदांत संपते तिला येथे ७२ सेकंद लागतात. शिवाय अशा काही यंत्रांच्या चिपमध्ये चौकोनी लहरीच्या २५ आणि ५० टक्के या दोन रुंदींची अदलाबदल झालेली असे, त्यामुळे नाकातला पातळ आवाज हवा तेथे पोकळ भरीव आवाज येई. तेव्हा कॅसेट खराब नक्कल समजून फेकू नका. तुम्ही लहानपणी ऐकलेला मारिओ बहुधा कोणत्याच अधिकृत अल्बममध्ये नाही.

अर्धाचहा (सावंतवाडी)

म्हणजे मारिओसुद्धा कोकणात आल्यावर निवांत झाला.

खाडीपलीकडे (दापोली)

बुरशीचा प्रश्न सर्वांनी बाजूला टाकलेला दिसतो, आणि किनाऱ्यावर संग्रह करणाऱ्याचा खरा शत्रू तीच आहे.

कौलारू, ती कॅसेट चांगल्या यंत्रात अजिबात घालू नका, कारण बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. प्रथम ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठवडाभर ठेवा. कवच स्क्रूचे असेल तर उघडून फीत दुसऱ्या स्वच्छ कवचात घाला. त्यानंतर ज्याची फिकीर नाही अशा जुन्या यंत्रात, फितीला सुका मऊ कपडा हलकेच टेकवून, ती पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. हे मोकळ्या हवेत आणि नाकाला रुमाल बांधून करावे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावर भरून घ्या. दुसरी संधी मिळेलच असे नाही. सीडीवर बुरशी असेल तर साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल कधीही पुसू नये.

माझ्याकडे गेमच्या संगीताच्या विनाइल तबकड्या आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात कौले उडाली आणि कपाटात पाणी गेले. तबकड्या धुऊन पुन्हा वाजू लागल्या, वेष्टने मात्र लगदा झाली. प्लास्टिक बुरशीला फारसे आवडत नाही, पुठ्ठा फार आवडतो. त्यामुळे आता मी चित्रांची वेष्टने वेगळ्या हवाबंद पेटीत ठेवतो आणि तबकड्या साध्या पांढऱ्या पाकिटांत उभ्या. हा संग्रह बघायला येणारे निराश होतात.

आणखी एक. १९९६ च्या ‘क्वेक’चे संगीत, नाइन इंच नेल्सने केलेले, त्या खेळाच्या सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकच्या रूपातच होते. पहिला ट्रॅक माहितीचा असल्याने तो सोडायचा. पुढचे सारे घरच्या सीडी प्लेअरवर वाजत. मला ही गोष्ट फार उशिरा कळली, कारण आमच्याकडे बाजारात मिळालेल्या नकली सीडीत जागा वाचवण्यासाठी संगीत काढून टाकलेले होते. कित्येक वर्षे तो खेळ मुळातच मुका आहे, आणि ती शांतता मुद्दाम भीतीसाठी ठेवली आहे, असे मी इतरांना समजावून सांगत असे.

जनरल डबा (डोंबिवली, मूळ राजापूर)

खाडीपलीकडे, तुम्ही हे मलाही २००३ साली समजावून सांगितले होते. मी ते पुढे चौघांना सांगितले आहे.

सोलकढीविरोधक (अलिबाग)

धाग्याला वचन न देता मी शनिवारी दोन अल्बम ऐकले. २०१२ च्या ‘जर्नी’चे ऑस्टिन विन्टरी यांचे संगीत सलग ऐकले आणि ते संपल्यावर काही वेळ दुसरे काही लावावेसे वाटले नाही, एवढे मान्य करतो. दुसरा ‘अंडरटेल’चा. त्यात १०१ ट्रॅक आहेत आणि काही तर सुरू होताच संपतात. हा अल्बम आहे की सुट्या नाण्यांचा डबा? अर्ध्यावर सोडला.

निशिगंध (रत्नागिरी)

अर्ध्यावर सोडला म्हणूनच नाणी सुटी वाटली. टोबी फॉक्स यांनी सुरुवातीच्या भागातील चाली पुढे वेगळ्या लयीत आणि वेगळ्या पात्रांसाठी वारंवार परत आणल्या आहेत. पहिल्या १० मिनिटांतली साधी चाल ७० व्या ट्रॅकच्या पुढे ओळखू येते तेव्हा आधीच्या तुकड्यांचा हिशेब लागतो. पुन्हा सुरुवातीपासून ऐकावा. भांडी घासताना ऐकला तरी चालतो, मी तसाच ऐकला.

पायपेटी (कुडाळ)

थोडे आडवळण. जपानी खेळांत देऊळ किंवा जुना वाडा आला की जी उदास चाल लागते, तिच्यामागे अनेकदा तेथील मियाकोबुशी नावाची स्वरपंक्ती असते : सा, कोमल रे, म, प, कोमल ध. म्हणजे आपल्या गुणक्रीचे स्वर. चलन अर्थातच निराळे, तेव्हा हा राग आहे असा दावा मी करत नाही. पण पहाटेच्या काकड्यानंतर मी हे स्वर छेडले की भाचा विचारतो, “मामा, ही कोणती लेव्हल?”

बंदरवाडी, आपल्याकडच्या खेळांत आपले संगीत कधी येणार?

बंदरवाडी (मूळ गुहागर, सध्या पुणे)

येऊ लागले आहे. पुण्यात तयार झालेल्या २०२० च्या ‘राजी’ या खेळाचे संगीत ऐकावे. त्यात भारतीय वाद्ये आहेत, आणि संगीतकार लिनोस त्झेलोस ग्रीसचे आहेत. आपल्या कोकणातल्या नमनाचा मृदंग किंवा जाखडी नाचाचा ताल मात्र मी अजून कोणत्याही खेळात ऐकलेला नाही, आणि जाखडीचे प्रश्नोत्तर तर या माध्यमासाठीच बनले आहे असे मला वाटते. तुमच्या पेटीचे चार तास भरून द्याल तर मी त्यांचे तुकडे पाडायला बसतो. मानधन द्यायचे हे लिहून ठेवतो.

कौलारू (मालवण)

सर्वांचे आभार. खाडीपलीकडे यांनी सांगितल्याप्रमाणे आठ दिवस डब्यात ठेवून, कवच बदलून, काल रात्री कॅसेट वाजवली आणि पहिल्याच वेळी भरून घेतली.

बंदरवाडी, तुमचे गणित बरोबर निघाले. अधिकृत अल्बमातील मारिओची चाल आणि माझी चाल एकाच वेळी सुरू केली, तर माझी मागे पडत जाते. घड्याळ लावून पाहिले : तिकडच्या प्रत्येक मिनिटाला माझ्याकडे ७१ ते ७३ सेकंद लागतात, कॅसेटचे यंत्र थोडे वरखाली होते ते धरून. इतकी वर्षे अल्बम ऐकताना काहीतरी घाई चालली आहे असे मला वाटत असे, आणि मी ते माझ्या वयावर ढकलत होतो.

दुसऱ्या बाजूला कॉन्ट्राचा धबधबा आहे. मागे आईची फोडणी, मामाचा “उडी मार, उडी” असा ओरडा आणि वळवाचा पाऊस ऐकू येतो. मध्येच संगीत तुटते. वीज गेलेली आहे, पण टेपरेकॉर्डर सेलवर असल्यामुळे तो चालूच राहिला, आणि तो बंद करायचे कोणाला सुचले नाही. तेथून पुढे ११ मिनिटे कौलांवरचा पाऊस, बेडूक, आणि काडेपेटी कोठे ठेवली यावरून चाललेला वाद आहे. त्यातला एक आवाज माझ्या वडिलांचा आहे. तेव्हाचे त्यांचे दुसरे ध्वनिमुद्रण आमच्याकडे नाही.

निशिगंध, ही ११ मिनिटे मी संग्रहात कोणत्या नावाने घालू, आणि तुमच्या नियमाप्रमाणे संगीतकाराच्या रकान्यात काय लिहू?

निशिगंध (रत्नागिरी)

कॉन्ट्राच्याच फोल्डरमध्ये, शेवटचा ट्रॅक म्हणून घाला. रकान्यात घरात त्या वेळी जेवढी माणसे होती तेवढी सर्व नावे लिहा.

जनरल डबा (डोंबिवली, मूळ राजापूर)

आणि कृपा करून शेवटी आवाज विरवू नका. फीत जेथे संपते तेथेच तोडा.